घरच्या घरी टिग वेल्डिंग: पहिला सिलेंडर कसा वापरायचा

दुकानात जाऊन "टिग वेल्डिंग" म्हटलं तर कधी कधी समोरचा नुसता बघत राहतो, पण "आर्गन वेल्डिंग" म्हटलं की लगेच कळतं. एसएसच्या म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवाल्यांकडे, किचन ट्रॉली बनवणाऱ्यांकडे तुम्ही बघितलं असेल, ठिणग्या नाहीत, धूर जवळजवळ नाही, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात बारीक तार, आणि मागे नाण्यांची रांग आडवी पाडल्यासारखा जॉईंट तयार होत जातो. तेच आपल्या गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत करायचं असेल तर सुरुवात कशी करायची ते सांगतो. रॉडचं वेल्डिंग येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही, उलट काही सवयी मोडाव्या लागत नाहीत.

आधी एक हिशोब बघा कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टिगमध्ये वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून सतत आर्गन गॅस सोडतात, आणि घरच्या कामाला १० लिटर पाण्याच्या मापाचा छोटा आर्गन सिलेंडर पुरतो. तो १५० बारला भरला असेल तर आत साधारण १५०० लिटर गॅस असतो. टॉर्चमधून मिनिटाला ८ लिटर सोडला तर १८७ मिनिटं, म्हणजे आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) चालू असण्याचे जेमतेम तीन तास, आणि वेल्डनंतर जो गॅस सुटतो तो धरला तर त्याहून कमी. नवीन माणूस हे तीन तास कशावर घालवतो यावर त्याला टिग येतं की नाही ते ठरतं असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक जण पहिल्याच दिवशी फिलर, म्हणजे ती बारीक तार, हातात घेऊन जॉईंट मारायला बसतात, सिलेंडर संपतो, हातात काळे गोळे उरतात आणि मशीन कोपऱ्यात जातं. मला हे फार वाईट वाटतं कारण ती माणसं अगदी थोडक्यात चुकलेली असतात.

काय काय घ्यायचं

मशीन: सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर पुरे. घरची वायरिंग झेपेल का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. १०० अँपिअरला टिगचा आर्क साधारण १४ व्होल्टवर चालतो म्हणजे १४०० वॉट, मशीनमधला लॉस धरला तरी दोन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे बाथरूमच्या गीझरएवढा लोड. रॉडचं वेल्डिंग त्याच १०० अँपिअरला २४ व्होल्ट खातं. त्यामुळे १६ अँपिअरचा नीट वायर टाकलेला, अर्थिंग असलेला प्लग असेल तर आपल्या कामाला चालतं, फक्त लांबलचक स्वस्तातली एक्स्टेन्शन लावू नका, तापते.

शक्य असेल तर हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टवालं घ्या, म्हणजे टंगस्टन (टॉर्चच्या टोकाची धातूची कांडी, जिच्यातून आर्क निघतो) जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, न टेकवता बटण दाबलं की आर्क पेटतो. लिफ्ट स्टार्टवालं स्वस्त मिळतं, त्यात टेकवून उचलायचं असतं, तेही शिकता येतं. पण घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुठलंच वेल्डिंग मशीन घरी आणू नका. डाऊन स्लोप (शेवटी करंट हळूहळू उतरवणारी) आणि पोस्ट फ्लो (आर्क विझल्यावर थोडा वेळ गॅस सोडणारी) या दोन सेटिंग मात्र पाहिजेतच. अ‍ॅल्युमिनियमसाठी एसी लागतं आणि एसी-डीसी मशीन बरंच महाग पडतं. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका.

टॉर्च बहुतेक मशीनसोबत येतो, १७ नंबरचा किंवा २६ नंबरचा, दोन्ही हवेवर थंड होणारे. १७ नंबर हातात हलका लागतो, मला तोच आवडतो.

टंगस्टन घेताना रंग बघा, टोकाला रंगाची पट्टी असते. लाल म्हणजे २ टक्के थोरियमचं, वर्षानुवर्षं आपल्याकडे तेच चालतं, पण थोरियम किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते. घरी, जिथे मुलंबाळं वावरतात तिथे ते नकोच. सोनेरी किंवा निळ्या पट्टीचं लँथनमचं घ्या, डीसी-एसी दोन्हीला चालतं. जाडी १.६ आणि २.४ मिलिमीटर. तीन मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला १.६ पुरतं.

फिलरमध्ये साध्या लोखंडाला म्हणजे एमएसला ईआर ७०एस-२ किंवा ७०एस-६, एसएस ३०४ ला ३०८एल, आणि एसएस-एमएस एकमेकांना जोडायचं असेल तर ३०९एल. सगळं १.६ मिलिमीटरमध्ये. तांब्याचा मुलामा असलेली गंजलेली जुनी रॉड कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

गॅस १०० टक्के आर्गनच पाहिजे, ९९.९९ किंवा त्याहून शुद्ध. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या दुसऱ्या सिलेंडरला दोन दिवस मी डोकं आपटत होतो, आर्क पेटला की टंगस्टनचं टोक खाल्लं जायचं, पिवळसर पावडर धरायची, जॉबवर काजळी. मला वाटलं हातच बिघडला. शेवटी सिलेंडरवरचं लेबल नीट वाचलं तर ते मिग वेल्डिंगचं मिक्स होतं, आर्गनमध्ये कार्बन डायऑक्साइड घातलेलं. देणाऱ्याने चुकून दिला, घेणाऱ्याने न वाचता आणला. तेव्हापासून रंगावर, सांगण्यावर विश्वास नाही, लेबल वाचूनच गाडीत चढवतो. आणि गाडीतून आणताना काचा उघड्या.

रेग्युलेटर घेताना फ्लोमीटरवाला घ्या, काचेच्या नळीत गोळी वर-खाली होते तो. सिलेंडर घरात आणला की सगळ्यात आधी भिंतीला साखळीने बांधायचा, मग बाकी सगळं. १५० बारचा सिलेंडर पडून त्याचा व्हॉल्व्ह तुटला तर काय होईल याचा विचार केला तरी पुरे.

जोडणी आणि टोक

टॉर्च निगेटिव्हला, आणि जॉबचा क्लॅम्प, ज्याला सगळे अर्थिंग म्हणतात, तो पॉझिटिव्हला. रॉडच्या वेल्डिंगमध्ये बऱ्याचदा उलटं असतं म्हणून इथे गडबड होते. टॉर्च निगेटिव्हला असला की साधारण ७० टक्के उष्णता जॉबमध्ये जाते आणि टंगस्टन वाचतं. उलटं जोडलंत तर काही सेकंदात टंगस्टनच्या टोकाचा गोळा होतो, टंगस्टन वितळतं ३४२२ अंशाला तरी होतो, इतकी उष्णता तिकडे वळते.

आता टोक काढणं. याला अर्धा तास द्या. बेंच ग्राइंडरवर एक चाक फक्त टंगस्टनसाठी ठेवा, त्यावर लोखंड घासायचं नाही. टोक पेन्सिलसारखं, आणि टोकाची लांबी जाडीच्या दोन ते अडीच पट, म्हणजे १.६ ला साधारण ४ मिलिमीटर. घासल्याचे चरे टंगस्टनच्या लांबीच्या दिशेने पडले पाहिजेत, गोल गोल नाही. चरे आडवे पडले की आर्क टोकावर एका जागी थांबत नाही, इकडेतिकडे नाचतो. बॅटरीच्या ड्रिलमध्ये टंगस्टन हलकंच धरून हळू फिरवत चाकावर टेकवलं तर टोक एकसारखं निघतं, फक्त चक फार आवळू नका, काचेसारखं कडक असतं, तुटतं. शेवटी अगदी सुईसारखं टोक किंचित बोथट करा, नाहीतर तेवढा कण तुटून वेल्डमध्ये जातो. चष्मा आणि मास्क लावूनच.

टॉर्चमध्ये ६ किंवा ७ नंबरचा सिरॅमिक कप बसवा. टंगस्टन कपच्या बाहेर ५-६ मिलिमीटर. गॅस ७ ते ८ लिटर. जास्त गॅस म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, फार वाढवलात तर गॅसच घुसळतो आणि बाहेरची हवा ओढून घेतो. आणि पंखा बंद! मे महिन्यात जिवावर येतं ते मला माहीत आहे पण छताचा पंखा चालू असताना टिग होत नाही. खिडकी-दार उघडं असू द्या कारण आर्गन हवेपेक्षा जड आहे, बंद तळघरात साचला तर श्वासाला हवा उरत नाही आणि वास येत नसल्याने कळतही नाही.

साफसफाई

रॉडच्या वेल्डिंगमध्ये फ्लक्स, म्हणजे रॉडवरचा मसाल्याचा थर, असतो, तो थोडाफार गंज, रंग सांभाळून घेतो. टिगमध्ये सांभाळून घेणारं कोणी नाही. एमएसवरची काळी पपडी फ्लॅप डिस्कने चांदीसारखं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायची, जॉईंटच्या दोन्ही बाजूंना बोटभर, आणि पत्र्याच्या मागच्या बाजूलाही, तिथलं तेल उष्णतेने पुढे ओढलं जातं. मग अ‍ॅसिटोनने पुसा, सुकू द्या, आणि बाटलीचं झाकण लावून बाटली लांब नेऊन ठेवा. फिलरची रॉडही पुसा, फडक्यावर किती काळं येतं ते एकदा बघाच.

क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर चुकूनसुद्धा वापरू नका. त्याचा थोडासा अंश राहिला आणि त्यावर आर्क पेटला तर फॉस्जीन तयार होतो, तो जीव घेणारा वायू आहे. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचं पण तसंच, वरच्या जस्ताचा पांढरा धूर होतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. घरी शिकताना जीआय आणूच नका.

डोळे

हेल्मेट ऑटो डार्क घ्या, काचेच्या काळेपणाची ९ ते ११ शेडची सेटिंग असलेलं, आणि घेताना ते कमी अँपिअरच्या टिगला चालतं का ते विचारा कारण स्वस्तातल्या काही हेल्मेटना २०-३० अँपिअरचा आर्क दिसतच नाही आणि काच मधेच उजळते. टिगला धूर नसल्यामुळे आर्कचे अतिनील किरण अडत नाहीत, ते रॉडपेक्षा जास्त भाजतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गळ्याचं वरचं बटण लावलेलं, नाहीतर गळ्याखाली त्रिकोणी भाजल्याची खूण उमटते. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरायला वेल्डचा छोटा ठिपका, मारताना "एकच तर आहे" म्हणून काच न लावता मारलं की त्रास लगेच होत नाही, तो होतो रात्री दोन वाजता, डोळ्यात मूठभर वाळू घातल्यासारखं. मग कोणी बटाट्याच्या चकत्या सांगतं, कोणी दूध घालायला सांगतं. काही घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि दारातून बघायला आलेल्या मुलांनाही तेच होऊ शकतं म्हणून मध्ये पडदा लावा, जाड आणि न पेटणारा.

पहिला तास: फिलरला हात लावायचा नाही

भंगारवाल्याकडून किंवा रेलिंगवाल्याकडून एसएस ३०४ ची २ मिलिमीटरची कापलेली तुकडी आणा. एमएस नको का? एमएस नुसतं वितळवलं, फिलरशिवाय, तर कधी कधी उकळतं, फुगे येतात आणि नवशिक्याला कळत नाही की चूक आपली की धातूची. एसएस शांत वितळतं आणि उष्णता पटकन पसरू देत नाही म्हणून कमी अँपिअरला चांगलं पाणी, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, होतं. ६० अँपिअर लावा. अंदाज म्हणून, एमएससाठी जाडीच्या एका मिलिमीटरला ३५-४० अँपिअर धरा आणि एसएसला थोडे कमी.

बसायचं. उभं राहून नाही. कोपर टेबलावर, हाताची करंगळीकडची बाजू जॉबवर किंवा शेजारच्या लाकडी ठोकळ्यावर टेकलेली. आर्क न पेटवताच एकदा पूर्ण रेघेवरून टॉर्च नेऊन बघा, हात कुठे अडकतो, केबल कुठे ओढते ते आत्ताच कळू द्या. केबल खांद्यावरून घ्या म्हणजे तिचं वजन मनगटावर येत नाही.

टॉर्च जवळजवळ उभा, पुढच्या दिशेला तोंड ठेवून १५ अंश मागे कललेला. टंगस्टन आणि पत्रा यात दीड-दोन मिलिमीटरचं अंतर, आणि हे अंतर हीच टिगमधली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. आता पेटवा आणि हलू नका. एकाच जागी थांबा. आणि इथे माझं एकच सांगणं आहे, उजेडाकडे बघायचं नाही, खालच्या पाण्याकडे बघायचं. आधी पत्र्यावर नुसता लाल ठिपका दिसतो, दोन-तीन सेकंदांनी तो ठिपका एकदम ओला होतो, आरशासारखा, कडा गोल होतात आणि पृष्ठभाग हलल्यासारखा थरथरतो. ते पाणी. मसुराच्या दाण्याएवढं झालं की त्या दाण्याला पुढे ढकलत चला, दाण्याचा आकार बदलू द्यायचा नाही. मोठा होतोय म्हणजे हात हळू चाललाय किंवा आर्क लांब झालाय. बारीक होतोय म्हणजे घाई होतेय.

रेघ संपली की टॉर्च उचलायचा नाही! हे सगळ्यात जास्त लोक चुकतात. बटण सोडा, डाऊन स्लोपने करंट तीन सेकंदात उतरेल, पाणी आटून बारीक होईल, आणि मग पोस्ट फ्लोचा गॅस ६-७ सेकंद येत राहील तोपर्यंत टॉर्च तिथेच धरून बसा. गरम धातू आणि गरम टंगस्टन दोघांनाही तोवर पांघरूण लागतं. नंतर टंगस्टन बघा, चांदीसारखं चकचकीत पाहिजे. निळं-काळं झालं असेल तर गॅस कमी पडला किंवा तुम्ही लवकर उचललंत. एसएसवरचा रंगही वाचायला शिका, पिकलेल्या गवतासारखा पिवळा किंवा सोनेरी म्हणजे छान, निळा-जांभळा म्हणजे जरा जास्त तापलं, राखाडी आणि खरखरीत म्हणजे उष्णता फार झाली किंवा हवा लागली.

अशा रेघा एकमेकींशेजारी मारत जा, एक तुकडी तापली की बाजूला ठेवून दुसरी. तासाभरात ५०-६० रेघा होतात आणि शेवटच्या दहा रेघा पहिल्या दहाशेजारी ठेवल्या की फरक तुमच्या तुम्हाला दिसतो.

यात टंगस्टन पाण्यात बुडणारच. "टक्" असा बारीक आवाज येतो, आर्क फिस्कटतो, पाण्यावर काजळी येते. थांबा, टंगस्टन काढा, बिघडलेला तेवढा भाग मोडून पुन्हा टोक काढा, जॉबवरची जागा घासून घ्या. घाणेरड्या टोकाने "एवढी रेघ पूर्ण करतो" म्हणून पुढे गेलात तर त्या रेघेत शिकायला काही मिळत नाही, गॅस मात्र जातो. दहा टंगस्टनच्या पाकिटातली पाच आधीच घासून तयार ठेवली की हा कंटाळा येत नाही.

दुसरा तास: दोन हात

फिलर धरायला शिकायचं ते आर्कशिवाय. रॉड अंगठा आणि दोन बोटांत धरायची आणि जपमाळेचा मणी ओढतो तशी अंगठ्याने पुढे सरकवायची, आमच्या आजीच्या हाताकडे बघूनच मला ते जमलं. ग्लोव्ह घालून, संध्याकाळी बातम्या बघता बघता करा. चार दिवसांत बोटं आपोआप चालायला लागतात. ग्लोव्ह पातळ, शेळीच्या कातड्याचे घ्या, रॉड वेल्डिंगच्या जाड ग्लोव्हमध्ये बोटांना काही कळत नाही.

मग एमएस घ्या, २ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड, काळी पपडी नसलेला) पत्रा, ७०-७५ अँपिअर. पाणी तयार करा, आणि फिलर पत्र्याला अगदी आडवी, १५ अंशात, पाण्याच्या पुढच्या काठाला टेकवा. एक थेंब आत जातो, रॉड थोडी मागे, टॉर्च थोडा पुढे, परत टेकवा. फिलर पाण्याने वितळली पाहिजे, आर्कने नाही. आर्कमध्ये धरलीत तर टोकाला गोळा होतो आणि तो टपकन पडतो किंवा टंगस्टनला चिकटतो. मागे घेताना फार मागे नको, रॉडचं गरम टोक गॅसच्या सावलीतच राहिलं पाहिजे, बाहेर गेलं की काळं पडतं आणि पुढच्या टेकवण्यात तो काळेपणा तुम्ही स्वतः वेल्डमध्ये घालता.

सपाट पत्र्यावर जमलं की दोन तुकडे शेजारी ठेवून बट जॉईंट, मग कोपऱ्याचा बाहेरचा जॉईंट, तो सोपा आहे. सगळ्यात शेवटी टी जॉईंट. टी मध्ये आर्क उभ्या पत्र्याकडे पळतो आणि खालचा कोपरा सुका राहतो, तिथे टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढा, आर्क अगदी आखूड ठेवा, आणि दोन्ही बाजूंना पाणी पोचल्याशिवाय फिलर घालू नका. तुकडा कापून, वाकवून बघा, वरून सुंदर दिसणारा जॉईंट आतून चिकटलेलाच नसतो असं सुरुवातीला पुष्कळ होतं. म्हणूनच जिन्याचा कठडा, गाडीचं चेसिस, झोपाळ्याची कडी यांना निदान वर्षभर हात लावू नका.

तिसरा तास: एक वस्तू

मी तुळशीच्या कुंडीचा स्टँड सुचवतो. २० बाय २० ची एमएस चौकोनी पाइप, १.६ मिलिमीटर जाडीची, चार पाय, वर-खाली एक-एक चौकट. ५५-६० अँपिअर. कटाई नीट करा, फट अजिबात नको, पातळ पाइपला फट असली की भोक पडतं. टॅक समोरासमोरच्या कोपऱ्यांना मारायचे, प्रत्येक टॅकनंतर गुण्या लावायचा कारण थंड होताना पाइप वेल्डच्या बाजूला ओढली जाते. टॅक मारून झाल्यावर कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले तरच पुढे. मग एका कोपऱ्याची एकच बाजू, मग समोरच्या कोपऱ्याची, असं फिरत फिरत.

एसएसमध्ये काही करायचं असेल तर ते एमएसच्या साधारण दीडपट फुगतं म्हणून जास्त वाकतं, टॅक दुप्पट मारा आणि मागे जाड तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दाबून धरा. खाण्यापिण्याच्या भांड्यावर काम असेल तर मागच्या बाजूलाही आर्गन सोडावा लागतो, नाहीतर आतून साखरेच्या खड्यांसारखं खरखरीत होतं आणि त्या खाचांत अन्न अडकतं. वेल्डचा रंग काढायला पिकलिंग पेस्ट मिळते, तिच्यात बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ती घरात आणू नका, स्टेनलेसचा ब्रश पुरतो, आणि तो ब्रश एमएसला लावायचा नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडंसं. १९४१ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत उभी केली ती विमानातल्या मॅग्नेशियमसाठी, तेव्हा हेलियम वापरत. म्हणजे हलके धातू हे टिगचं मूळ काम. पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २०७२ अंशाला, त्यामुळे वरची साय तशीच आणि आतलं सगळं पाणी, आणि बघता बघता तुकडा खाली गळतो. एसी करंट ती साय फोडतो. एमएस, एसएस हातात बसलं की मग त्याच्याकडे वळा.

काम झालं की सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, टॉर्चचं बटण दाबून नळीतला गॅस सोडा, काटा शून्यावर आला की रेग्युलेटरचा स्क्रू सैल करा. ही सवय लावली नाही तर कुठल्यातरी जॉईंटमधून रात्रभर बारीक गळती होते आणि सकाळी सिलेंडर रिकामा मिळतो. नवीन जोडणी केली की दर वेळी साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवून बुडबुडे बघा. आणि काटा ५ बारच्या आसपास आला की थांबा, तळ गाठेपर्यंत ओढू नका, पूर्ण रिकाम्या सिलेंडरमध्ये दमट हवा शिरते, पावसाळ्यात तर हमखास. व्हॉल्व्ह घट्ट बंद करून, टोपी लावून भरायला पाठवा.